जुन्या पाकिटांतला तांबेरा: संग्रह उघडावा कसा, वाचावा कसा आणि टिकवावा कसा

तांबेऱ्याचा नमुना म्हणजे वाळवलेले रोगट पान. तांबेरा हा पानांवर गंजासारखे फोड आणणारा, कवकांमुळे म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे होणारा रोग. तांबेऱ्याची कवके जिवंत यजमानाच्या, म्हणजे ज्या झाडावर ती वाढतात त्याच्या, पेशींवरच जगतात. त्यांना काचेच्या नळीत माध्यमावर वाढवून वर्षानुवर्षे जपण्याची सोय जवळजवळ नाहीच. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी एखाद्या पिकावर कोणता तांबेरा होता याचा हातात धरता येईल असा पुरावा एकच: कागदी पाकिटात ठेवलेले ते पान आणि त्यावरचे लेबल.

असे मोठे साठे माहीत असलेले बरे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘हर्बेरियम क्रिप्टोगॅमी इंडी ओरिएंटॅलिस’ हा कवकसंग्रह आहे. त्याची सुरुवात १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथे कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी केली आणि १९३४ च्या भूकंपानंतर संस्थेबरोबर तोही दिल्लीला आला. बटलर यांनी भारतात गोळा केलेल्या कवकांवर बर्लिनच्या सिडो या कवकशास्त्रज्ञ पितापुत्रांबरोबर १९०६ ते १९१६ या काळात लेखमाला प्रसिद्ध केली. म्हणूनच भारतातल्या एकाच पानाचे तुकडे आज दिल्ली, लंडनजवळचे क्यू आणि स्टॉकहोम अशा तीन ठिकाणी सापडू शकतात. फक्त तांबेऱ्याला वाहिलेला सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात आहे, जे. सी. आर्थर यांच्या नावाचा. पण हा लेख मुख्यतः लहान संग्रहांसाठी आहे: जुन्या कृषी महाविद्यालयात किंवा विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात स्टीलच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे पडून असतात, त्यांच्यासाठी.

उघडण्याआधी

गठ्ठा मिळाला की सुतळी लगेच सोडायची नाही. आधी दोन गोष्टी तपासायच्या: विष आणि किडे.

पूर्वी किडींपासून वाचवण्यासाठी नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराईड किंवा आर्सेनिकचे द्रावण लावत. कागदावर नमुन्याच्या कडेने करडी-काळपट छटा उमटलेली असेल, पाकिटावर ‘पॉयझन’ असा शिक्का असेल, किंवा नुसते जुने पाकीट असेल, तरी ते विषारी आहे असेच समजायचे. नायट्राइलचे हातमोजे, हवेशीर खोली आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणे एवढे पाळले तर काम करता येते. पाऱ्याची वाफ बंद कपाटात साठते, म्हणून कपाट उघडून अर्धा-पाऊण तास खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात आणि मग हात घालावा. खाणेपिणे त्या टेबलावर अजिबात नको.

किड्यांसाठी फ्रीजर. संग्रहात दिसणारे नेहमीचे किडे म्हणजे सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल. दोन्ही तपकिरी, दोन-तीन मि.मी. लांबीचे. पानाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की यांचेच काम. तिसरी कीड म्हणजे पुस्तकांत सापडणाऱ्या बारीक पांढुरक्या उवा. त्या पान सोडून बीजाणूच, म्हणजे कवकाचे बीसारखे सूक्ष्म कणच, खातात. फोडाची चौकट शाबूत आणि आत काहीच नाही असे दिसले तर संशय यांच्यावर घ्यावा.

गठ्ठा जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, तोंड चिकटपट्टीने बंद करायचे आणि उणे २० अंश सेल्सिअसच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचे. गठ्ठा एक वीतभर जाडीपेक्षा मोठा नको. जाड गठ्ठ्याच्या मध्यभागी थंडी सावकाश पोचते आणि तेवढ्या वेळात किडे थंडीला सरावतात. घरगुती फ्रिजचा वरचा कप्पा या कामाचा नाही. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये तापमान मधूनमधून वर चढते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास न उघडता खोलीत ठेवायची. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गार पिशवी लगेच उघडली की हवेतली वाफ थेट पानावर दव होऊन बसते आणि आठवड्याभरात बुरशी येते. बंद पिशवीत तेच दव बाहेरून प्लास्टिकवर जमते.

फ्रीजरने किडे मरतात, तांबेऱ्याचे बीजाणू मरतीलच असे नाही. ताजे युरेडोबीजाणू (हंगामात रोग पसरवणारे बीजाणू) तर संशोधक मुद्दाम अतिथंड तापमानात जिवंत साठवतात. जुन्या, खोलीच्या तापमानात पडून राहिलेल्या नमुन्यात हा प्रश्न सहसा उरत नाही. पण यंदा गोळा केलेल्या सोयाबीन किंवा गव्हाच्या पानाला फ्रीजरमधून आले म्हणून निर्जीव समजू नका.

डांबरगोळ्यांबद्दल एकच सांगायचे: नको. वासाने किडे थोडे लांब राहतात, अंडी मरत नाहीत, आणि बंद खोलीत रोज बसणाऱ्या माणसाच्या छातीला त्रास होतो.

पाकीट उघडताना

पंखा बंद. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद, त्यावर उथळ ट्रे, आणि एका वेळी एकच पाकीट. पाकीट उघडले की आधी आत पडलेली पूड बघायची. ती कचरा नव्हे. गळलेले बीजाणू आहेत, आणि पुष्कळदा पानावरचे फोड रिकामे झाल्यावर उरलेला सगळा ऐवज तेवढाच असतो. फुंकर मारायची नाही. कागद हलकेच वाकवून ती पूड बटर पेपरच्या लहान घडीत घ्यायची, घडीवर पाकिटाचा क्रमांक पेन्सिलने लिहायचा आणि ती त्याच पाकिटात परत ठेवायची.

पुढचे पाकीट घेण्याआधी चिमटा ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा आणि खालचा कागद बदलायचा. तांबेऱ्याचा एक फोड हजारो बीजाणू देतो. गव्हाच्या पाकिटातले चार बीजाणू ज्वारीच्या पाकिटात गेले तर पन्नास वर्षांनी कुणी तरी ‘ज्वारीवर गव्हाचा तांबेरा’ अशी नोंद करील, आणि ती खोडायला आणखी पन्नास वर्षे लागतील.

पान ठिसूळ असते. उलटायचे असेल तर बोटांनी उचलू नये. खाली एक कागद, वर एक कागद असे सँडविच करून सगळेच उलटावे.

लेबल वाचणे

नमुन्याची निम्मी किंमत लेबलात असते, आणि बहुतेक गोंधळही तिथेच होतात. उदाहरण म्हणून एक लेबल घेऊ. वर छापील संस्थेचे नाव, खाली शाईने: पुक्सिनिया रुबिगो-व्हेरा, यजमान ट्रिटिकम व्हल्गेअर, ठिकाण किर्की, तारीख १४, रोमन दोन, १२, आणि कोपऱ्यात पुन्हा रोमन दोन व रोमन तीन.

तारखेतला रोमन दोन म्हणजे फेब्रुवारी. कोपऱ्यातले रोमन आकडे महिने नव्हेत. त्या बीजाणूंच्या अवस्था आहेत. तांबेऱ्यात शून्य म्हणजे स्पर्मोगोनिया, एक म्हणजे एसिया, दोन म्हणजे युरेडिनिया (युरेडोबीजाणूंचे फोड), तीन म्हणजे टेलिया (हंगामाच्या शेवटी येणारे, टेलियोबीजाणूंचे फोड), चार म्हणजे बेसिडिया. संगणकात नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी सांगितले नाही तर अर्ध्या नोंदींत फेब्रुवारी-मार्च असा काळ आपोआप तयार होतो. वर्ष ‘१२’ म्हणजे १९१२ की आणखी काही, हे छापील मथळा, कागद आणि संग्राहकाचा कार्यकाळ यांवरून ठरवायचे. मथळ्यात ‘इम्पीरियल’ असेल तर कोरे लेबल स्वातंत्र्यापूर्वी छापलेले; पण कोरी लेबले नंतरही वर्षानुवर्षे वापरत, हे विसरू नये.

‘लेग.’ च्या पुढे गोळा करणाऱ्याचे नाव असते, ‘डेट.’ च्या पुढे ओळख पटवणाऱ्याचे. लॅटिनमध्ये ‘इन फोलिईस व्हिव्हिस’ असे असेल तर जिवंत पानांवर, ‘इन कल्मिस’ म्हणजे गवताच्या ताटांवर. ठिकाणांची नावे त्या काळच्या इंग्रजी वळणाची असतात: पूना, किर्की, शोलापूर, धारवार. सगळीकडे ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ लिहिलेले असते आणि तीत आजच्या महाराष्ट्राचा, गुजरातचा आणि उत्तर कर्नाटकाचा बराच भाग, शिवाय १९३६ पर्यंत सिंधसुद्धा येतो. त्यामुळे फक्त ‘बॉम्बे’ लिहिलेला नमुना मुंबई शहरातला समजून नकाशावर टिंब देऊ नये.

आता नाव. पुक्सिनिया रुबिगो-व्हेरा या नावाखाली एकोणिसाव्या शतकात गहू, बार्ली, राय आणि इतर गवतांवरचे पुष्कळ काही एकत्र भरलेले होते. १८९० च्या दशकात स्वीडनच्या एरिकसन यांनी त्यातला पिवळा आणि तपकिरी तांबेरा वेगळा केला. जुने नाव त्यानंतरही लेबलांवर चालू राहिले. तेव्हा असे लेबल आले की नाव न धरता पान बघायचे. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण शंभर वर्षांत पिवळा आणि नारिंगी दोन्ही मातकट होतात. मांडणी टिकते: पिवळ्या तांबेऱ्याचे फोड शिरांच्या मधून रेघेत, शिवणीच्या टाक्यांसारखे असतात, तपकिरी तांबेऱ्याचे पानभर विखुरलेले.

आणखी दोन सापळे. पुक्सिनिया सॉर्घाय हा मक्याचा तांबेरा आहे, ज्वारीचा नव्हे. १८३२ मध्ये श्वाइनिट्झ यांनी दिलेले हे नाव नियमानुसार तसेच राहिले. ज्वारीवर लालसर-जांभळे डाग पाडणारा तो पुक्सिनिया पर्प्युरिया. ज्यांनी कपाटे पिकांच्या नावाने लावली त्यांच्याकडे मक्याची पाकिटे ज्वारीच्या कप्प्यात हमखास सापडतात.

दुसरा सापळा नावांच्या विखुरण्याचा. जीवनचक्राची एकच अवस्था सापडली की जुने लोक तिला वेगळे नाव देत: एसिया असतील तर एसिडियम, युरेडिनिया असतील तर युरेडो. २०११ मध्ये मेलबर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसने ‘एका कवकाला एकच नाव’ असा नियम केला, पण कपाटे काही त्या दिवशी आपोआप लागली नाहीत. अंजिराचा तांबेराच घ्या. पुरंदरच्या अंजीरबागांत तो ओळखीचा आहे. आज त्याला सेरोटेलियम फायकाय म्हणतात. जुन्या संग्रहात तोच युरेडो फायकाय, क्युनिओला फायकाय आणि फायसोपेला फायकाय अशा तीन नावांखाली तीन कप्प्यांत असू शकतो. म्हणून शोध नेहमी यजमानाच्या नावाने सुरू करावा, मग इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या कवकनावांच्या संकेतस्थळांवर समानार्थी नावांची यादी काढून प्रत्येक नावाखाली पुन्हा बघावे.

यजमानाचे नावही तपासायचे. तांबेरा यजमानाशी इतका घट्ट बांधलेला असतो की झाड चुकले तर कवकही चुकण्याची शक्यता मोठी. पाकिटात नुसते पानाचे तुकडे असतील तर शिरांची रचना, लव आणि कडा यांवरून जेवढे जमेल तेवढे ठरवावे आणि बाकी प्रश्नचिन्ह ठेवावे.

नाव बदलायचे ठरले तरी जुने लेबल फाडायचे, खोडायचे किंवा झाकायचे नाही. साधारण १० × ३ से.मी. ची टिपणपट्टी घ्यायची. तीवर नवे नाव, ओळखणाऱ्याचे नाव, तारीख आणि आधार लिहायचा: बीजाणूंची मापे, डीएनए की फक्त यजमानावरून अंदाज. पट्टी जुन्या लेबलाच्या खाली चिकटवायची. ‘आधार’ हा शब्द बहुतेक जण गाळतात आणि मग पुढच्या माणसाला सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली

डीएनएसाठी साहित्य काढायचे असेल तर ते आधी काढा, स्लाइड नंतर. लॅक्टिक आम्लात गरम केलेल्या तुकड्यातून मग फारसे काही मिळत नाही.

प्रथम त्रिमिती सूक्ष्मदर्शकाखाली १० ते ४० पट वाढवून पूर्ण पान पाहायचे आणि लिहायचे: फोड पानाच्या वरच्या बाजूला की खालच्या, बाह्यत्वचा फाटून उघडे झालेले की झाकलेले, एकटे की वर्तुळात, रंग काय. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे टेलिया त्वचा फाडून उघडे, काळे, ताटावर लांबट असतात. तपकिरी तांबेऱ्याचे त्वचेखाली दडलेले राहतात. एवढ्यावर पुष्कळ पाकिटे मार्गी लागतात.

फोडांत बारीक, चकचकीत काळे ठिपके दिसले तर घाई करू नका. स्फेरेलॉप्सिस फायलम नावाची एक बुरशी तांबेऱ्यावरच वाढते आणि तिच्या कुपीसारख्या रचना टेलियासारख्या वाटतात. जुन्या लेबलांवर ‘रोमन तीन’ लिहिलेल्या काही नमुन्यांत प्रत्यक्षात टेलिया नसून हीच परजीवी असते. स्लाइड केली की लहान, रंगहीन, दोन पेशींचे बीजाणू दिसतात; टेलियोबीजाणूंची जाड तपकिरी भिंत त्यांना नसते.

स्लाइड अशी करावी:

१. काचपट्टीवर लॅक्टिक आम्लाचा लहान थेंब घ्या. लॅक्टोफिनॉल जुन्या प्रयोगशाळांत अजून असते. त्यातले फिनॉल त्वचेला आणि श्वासाला घातक, म्हणून टाळलेले बरे.

२. बारीक सुईने एका फोडाच्या कडेपासून अगदी थोडे बीजाणू खरवडा. मोहरीच्या दाण्याएवढे घेतले तरी दहापट जास्त होतात. थर जाड झाला की एकही बीजाणू नीट मोजता येत नाही.

३. आच्छादन काच ठेवून स्पिरिटच्या दिव्यावरून पट्टी दोन-तीनदा फिरवा. पहिला बुडबुडा दिसताच बाजूला घ्या. उकळू दिले तर बीजाणू फुटतात आणि काच उडते.

४. दहा मिनिटे थांबा. वाळलेले बीजाणू आत चेपलेले असतात. उष्णता आणि आम्लाने ते पुन्हा फुगतात. ही पायरी गाळून पाण्यात मापे घेतली की रुंदी कमी भरते आणि जातच चुकते.

५. प्रत्येक प्रकारचे किमान ३० बीजाणू मोजा, चेपलेले वगळून. लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, टेलियोबीजाणूच्या टोकाची जाडी आणि देठाची लांबी. कोणत्या द्रावणात मोजले तेही लिहा.

युरेडोबीजाणूंत सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे जननछिद्रे (भिंतीतली, अंकुर बाहेर येण्याची छिद्रे), आणि सगळ्यात त्रासदायकही तीच. लॅक्टिक आम्लात किंचित कॉटन ब्ल्यू हा रंग मिसळून पुन्हा गरम केले की ती थोडी स्पष्ट होतात. फोकस वरखाली करत, बीजाणू हळूच गडगडवत मोजावी लागतात. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू लांबट आणि छिद्रे बहुधा चार, मधल्या पट्ट्यात. तपकिरी तांबेऱ्याचे गोलसर आणि छिद्रे सगळीकडे विखुरलेली.

टेलियोबीजाणू मिळाले तर प्रजाती (जीनस) लवकर ठरते. देठावर एक पेशी असेल तर युरोमायसिस. दोन पेशी एकावर एक असतील तर पुक्सिनिया. तीन किंवा अधिक एका ओळीत असतील, विशेषतः गुलाबाच्या कुळातल्या झाडावर, तर फ्रॅग्मिडियम. बाभूळ-खैराच्या कुळातल्या झाडावर अनेक पेशींचे एकत्र बांधलेले, बटणासारखे डोके दिसले तर रॅव्हेनेलिया. हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. त्वचेखाली देठाशिवाय थरांवर थर चिकटलेले असतील तर फॅकोप्सोरा, म्हणजे सोयाबीनच्या तांबेऱ्याचे घराणे. कॉफीच्या हेमिलियात टेलियाची वाट बघायचीही गरज नाही: युरेडोबीजाणू मूत्रपिंडाच्या आकाराचा, फुगीर बाजू काटेरी आणि आतली बाजू गुळगुळीत. ते कवक १८६९ मध्ये बर्कली आणि ब्रूम यांनी सिलोनहून आलेल्या पानांवरून वर्णिले.

तांबेरा नसलेले ‘तांबेरे’ही कपाटात असतात. आंब्याच्या पानावरचा मखमली, वीटकरी ‘लाल तांबेरा’ हे सेफॅल्यूरॉस नावाचे शेवाळ आहे. मोहरीवरचा ‘पांढरा तांबेरा’ अल्ब्युगो आहे, तेही वेगळ्याच गटातले. दोन्ही पाकिटे फेकू नका, फक्त योग्य कप्प्यात हलवा.

स्लाइड चांगली जमली तर कडा नेलपॉलिशने बंद करून, लहान पुठ्ठ्याच्या घडीत घालून त्याच पाकिटात ठेवावी. पुढच्या माणसाचा एक फोड वाचतो. ज्या नमुन्यावरून एखादी जात पहिल्यांदा वर्णिली गेली तो, म्हणजे टाइप, असेल तर संग्रहपालाच्या लेखी परवानगीशिवाय सुई लावायची नाही. अशी पाकिटे लाल कडेच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवण्याची रीत आहे.

डीएनए

२०१३ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलेल्या बटाटापानांतून करप्याच्या रोगकारकाचे जीनोम वाचले गेले, तेव्हापासून जुन्या पाकिटांना वेगळाच भाव आला. तांबेऱ्यातही हे जमते, पण अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. जुना डीएनए तुकड्यांत असतो, म्हणून पूर्ण आयटीएस पट्टा (कवके ओळखण्यासाठी वाचतात तो डीएनएचा भाग) एका दमात वाढवण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो. तो लहान, एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत वाढवावा, आणि प्रायमर (कोणता डीएनए वाढवायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) तांबेऱ्यापुरते निवडावेत. नाही तर यजमान, स्फेरेलॉप्सिस आणि क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरशीच आधी वाढतात.

एक ते पाच फोड पुरतात. निर्जंतुक पात्याने फोडापुरताच तुकडा काढावा, काढण्याआधी आणि नंतर मोजपट्टीसह फोटो घ्यावा, आणि पाकिटात ‘डीएनएसाठी साहित्य काढले’ अशी तारखेची चिठ्ठी ठेवावी. ज्या टेबलावर ताज्या तांबेऱ्याचे काम चालते तिथे जुने पाकीट उघडू नये. प्रत्येक वेळी नमुना न घातलेली एक रिकामी नळीही शेवटपर्यंत चालवावी. नळीत काही वाढले तर बाकी निकालावर विसंबू नये. पाऱ्याने विषवलेल्या नमुन्यांत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडखळतो. अर्क दहापट पातळ करून पाहावा.

नवे पाकीट, कपाट आणि पावसाळा

मूळ पाकीट फाटले असेल तर ते नव्या पाकिटात आत ठेवावे, टाकू नये. बरेचदा त्यावर पेन्सिलीने काही तरी लिहिलेले असते. नव्या पाकिटासाठी आम्लविरहित ए-फोर कागद उभा धरा. खालची कड ११ से.मी. वर दुमडा. दोन्ही बाजू साडेतीन-साडेतीन से.मी. आत, आपल्याकडे दुमडा. वर उरलेली साधारण पावणेआठ से.मी. ची पट्टी खाली आणून झाकण करा. १४ × ११ से.मी. चे पाकीट तयार होते आणि झाकणावर लेबल बसते. आत पानाच्या मापाचे आम्लविरहित जाड कार्ड सरकवले की पान वाकत नाही.

सेलोटेप नको: पिवळी पडते, सुटते आणि डिंक पानावर राहतो. टाचणी आणि स्टेपल तर मुळीच नको. लोखंडाला गंज चढतो, तपकिरी ठिपके पानावर उमटतात, आणि तांबेऱ्याच्याच संग्रहात ते फोड म्हणून मोजले जातात! लेबलाची शाई रंगद्रव्याची, न फिकटणारी असावी. बॉलपेन फिकटतो, जेल पेन ओलाव्यात पसरतो, पेन्सिल दोन्हींहून बरी.

साठवणीला १८ ते २० अंश तापमान आणि ४० ते ५५ टक्के आर्द्रता उत्तम. महाराष्ट्रात, त्यातून कोकण आणि गोव्यात, हे वातानुकूलन आणि आर्द्रताशोषक यंत्राशिवाय पावसाळ्यात शक्य नाही. यंत्र नसेल तर निदान ६० टक्क्यांच्या खाली ठेवण्याची धडपड करावी, कारण त्यावर गेले की बुरशी धरते. उपाय साधे आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वीतभर वर. पाकिटे घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत, सोबत रंग बदलणारे सिलिका जेल. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बघून रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत. प्रत्येक कपाटात आर्द्रतामापक आणि तळाला एक चिकट सापळा. सापळ्यात एक जरी बीटल दिसला तरी तो कप्पा फ्रीजरमध्ये.

आजचे पान

जुन्या संग्रहाशी तुलना करायची तर आजचे नमुनेही त्याच दर्जाचे हवेत. जुन्या लेबलावरच्याच गावात, त्याच महिन्यात, त्याच यजमानावर शोध घ्यावा. पूर्ण फांदी, शक्य तर फुलाफळासह घ्यावी; नुसती पाने घेतली की यजमानाचा वाद कायम राहतो. युरेडिनिया मिळाले म्हणून थांबू नये. हंगामाच्या शेवटी, पाने पिवळी पडताना पुन्हा त्याच जागी गेले तर टेलिया मिळण्याची शक्यता वाढते. प्रत्येक झाडाची पाने वेगळ्या वर्तमानपत्राच्या घडीत घालावीत. पहिले तीन दिवस कागद रोज, पावसाळ्यात दिवसातून दोनदा बदलावेत. ४५ अंशांपेक्षा जास्त तापवू नये आणि कडक उन्हातही घालू नये. डीएनएसाठी एक-दोन चौ. से.मी. चा तुकडा वेगळा कापून भरपूर सिलिका जेलमध्ये ठेवावा.

ठिकाण आणि तारीख यांना एवढे महत्त्व का, याचे चांगले उदाहरण आग्ऱ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांच्या कामात आहे. युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरीच्या झुडपावर आपले चक्र पूर्ण करतो. भारतात तसे होत नाही, उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्याच्या तापात गव्हाचे तांबेरे टिकत नाहीत आणि दरवर्षी ते डोंगराळ भागांतून पुन्हा येतात, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मांडले. कोणत्या गावी कोणत्या तारखेला पहिला फोड दिसला, याच नोंदींवर तो निष्कर्ष उभा होता.

यादी आणि देवाणघेवाण

संगणकातल्या यादीत प्रत्येक गोष्टीचे दोन रकाने ठेवावेत: लेबलावर जसेच्या तसे काय लिहिले आहे आणि आपण त्याचा काय अर्थ लावला. ‘किर्की’ एका रकान्यात, ‘खडकी, पुणे’ दुसऱ्यात. अर्थ चुकला तरी मूळ मजकूर शाबूत राहतो. त्याशिवाय संग्रहक्रमांक, संग्राहकाचा क्रमांक, यजमान, अवस्था, टिपणे, फोटोची फाइल आणि विष लावल्याची शंका असल्यास तशी खूण. छापील संचातला नमुना असेल तर संचाचे नाव आणि क्रमांक आवर्जून लिहावा; त्याच क्रमांकाची जुळी पाकिटे दुसऱ्या संग्रहांत असतात आणि आपले पान खराब असले तरी तिथले बघता येते.

दुसऱ्या संस्थेकडून नमुने मागवताना व्यक्तीने पत्र लिहून चालत नाही. संस्थेच्या संग्रहपालाने संस्थेच्या संग्रहपालाला लिहायचे, कशासाठी हवेत, किती काळ, आणि तुकडा काढणार का हे स्पष्ट करून. परदेशी पाठवायचे असेल तर जैवविविधता कायदा, २००२ खालची परवानगी लागते का हे आधी विचारावे. बाहेरून आणायचे असेल तर वनस्पती विलगीकरणाचे २००३ चे आदेश लागू होतात. तांबेरा हा पिकांचा रोग असल्याने कस्टम्सवर अडकलेले पार्सल सुटायला महिने लागतात आणि त्या गोदामात आर्द्रता कुणी मोजत नाही. पाठवताना पाकिटे दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून, पॉलिथिनमध्ये बंद करून, मजबूत खोक्यात, सगळीकडून पाच से.मी. भरण घालून पाठवावीत. आत यादीची एक प्रत आणि दुसरी ईमेलने. परत आलेले खोके मुख्य कपाटाजवळ न उघडता आधी दोन आठवडे फ्रीजरमध्ये जाते, मग चोवीस तास खोलीत, आणि मगच पाकिटे यादीशी ताडून आपापल्या कप्प्यात.